आधी बॅरल घासा, मग धुराची गाडी मागा

सोलापूरकरहो, आज जरा लांबलचक लिहितेय. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि पाण्याच्या दिवशी नळाकडे डोळे लावून बसाल तेव्हा वाचा. तेव्हा वेळच वेळ असतो आपल्याकडे.

पावसाळा लागला की प्रत्येक नगराच्या, सोसायटीच्या, गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मागणी ठरलेली असते. धुराची गाडी. "आमच्याकडे फवारणी कधी?" "शेजारच्या नगरात झाली, आमच्यावरच अन्याय का?" मग कुणीतरी इच्छुक भाऊ पुढाकार घेतात, गाडी येते, गाडीसमोर फोटो निघतो, पोरं धुरात पळतात, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडतो. आणि आठवड्याभरात कुणाच्या तरी घरी ताप.

हे दरवर्षी होतं तरी आपण धुराच्या गाडीलाच शरण का जातो, हे मला कळत नाही. म्हणजे कळतं. गाडी दिसते, आवाज करते, धूर सोडते, "काहीतरी झालं" असं वाटतं. पण त्या धुराने मरतो तो फक्त उडणारा डास, तोही धूर थेट अंगाला लागला तर. पाण्यातल्या अळीला त्या धुराचं काही नाही. ती दोन-चार दिवसांत पंख फुटून बाहेर येते. दुसरी गंमत अशी की डेंगीचा डास घरात राहतो. खुंटीला टांगलेले कपडे, पडद्याची मागची बाजू, कॉटखालची अंधारी जागा, ही त्याची ठिकाणं. आणि गाडी आली की आपण काय करतो? दारंखिडक्या लावून घेतो! धूर रस्त्यावर, डास घरात, दोघांची भेटच होत नाही.

रोगाची साथ जोरात असताना धूर मारावा लागतो, तो मारू नये असं मी म्हणत नाही. पण ती शेवटची गोष्ट आहे. पहिली गोष्ट आपल्या मोरीत, गच्चीवर आणि जिन्याखाली उभी आहे. निळं बॅरल.

मला आज बोलायचंय ते घराच्या साफसफाईच्या वेळापत्रकाबद्दल. हसू नका. हा विषय "महिलांसाठी उपयुक्त टिप्स" या सदरात टाकून आपण त्याची वाट लावलीय. सोलापुरासारख्या शहरात घर कधी, कसं आणि कोण साफ करतं हा सार्वजनिक प्रश्न आहे, रस्त्यावरच्या खड्ड्यांइतकाच.

डासाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. गटाराच्या घाण पाण्यातला डास वेगळा, तो हत्तीरोगाचा. एडिसला लागतं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ, हलत नसलेलं पाणी. म्हणजे नेमकं आपण जपून ठेवलेलं पाणी. काळा डास, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो. मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर. ती अंडी तिथे चिकटून बसतात. पाणी संपलं, बॅरल वाळलं, तरी अंडी मरत नाहीत. कोरडी होऊन कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत चढलं की फुटतात. म्हणून "आम्ही बॅरल रिकामं करतो की" एवढ्याने भागत नाही. घासावं लागतं. या एका वाक्यासाठी हा सगळा लेख लिहिला तरी मला चालेल.

अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, घरातली सगळी भांडी रिकामी करून वाळवा. सूचना शास्त्राला धरून आहे. पण ती लिहिणाऱ्याच्या घरी रोज नळ येत असणार.

आपल्याकडे काय? उजनी शंभर किलोमीटरहून लांब. तिथून पाणी यायचं, मग टाक्या भरायच्या, मग चावीवाला येणार, मग आपला नंबर. कित्येक वर्षं कुठे तीन दिवसांआड, कुठे चार, कुठे पाच. ज्या बाईने रात्री दोनला उठून मोटार लावून, पाईप फिरवून चार बॅरल भरलीत, तिला रविवारी सकाळी कोण सांगणार की बाई गं, आज कोरडा दिवस, ओतून टाक? ती नाही ओतणार. आणि तिचं बरोबर आहे. माणूस पाण्याला घाबरून राहत असेल तर त्याला पाणी फेका म्हणणं ही थट्टा झाली. मग महापालिकेच्या पत्रकात "नागरिकांचे सहकार्य मिळत नाही" असं वाक्य येतं आणि विषय संपतो.

तर माझं म्हणणं असं आहे की रविवार सोडा, वारच सोडा. सोलापुरात घराची साफसफाई वारावर चालूच शकत नाही, ती पाण्यावर चालते. आपला आठवडा सात दिवसांचा नाही, चार किंवा पाच दिवसांचा आहे. कोरडा दिवस म्हणजे पाणी यायच्या आधीचे दोन-तीन तास. तेव्हा बॅरल तशीही तळाला गेलेली असतात.

आता यातली मजा बघा. चार-पाच दिवसांनी पाणी येणं हे आपलं दुर्दैव. पण डासाला लागतात आठ-दहा दिवस. म्हणजे प्रत्येक पाण्याच्या दिवशी बॅरल खरोखर रिकामं होऊन घासलं गेलं, तर एकाही अळीला पंख फुटायला वेळ मिळणार नाही. मग डास होतात कसे? कारण आपण जुन्यावर नवं भरतो. तळाचं हातभर पाणी तसंच ठेवून वरून पाईप सोडतो. "असू दे, कमी पडलं तर?" ही भीती. त्या तळाच्या पाण्यात अळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असते आणि आपण तिला दर चार दिवसांनी ताजं पाणी पुरवतो.

करायचं काय ते सांगते, अगदी साधं आहे. पाणी यायच्या दिवशी सगळ्यात कमी पाणी असलेलं बॅरल आधी धरा. तळाचं पाणी बादलीत काढून घ्या. बॅरल आडवं करा, काथ्या किंवा प्लॅस्टिकची घासणी घ्या आणि काठापासून खाली गोल गोल घासत या. पाण्याची रेघ दिसते त्या पट्ट्यावर जोर लावा. साबण लागत नाही, ताकद लागते. एक-दोन तांबे पाण्याने खळबळून काढा. मग दुसऱ्या बॅरलात उरलेलं पाणी या घासलेल्या बॅरलात ओता, मधे धोतराचं नाहीतर ओढणीचं फडकं धरून, आणि दुसरं घासायला घ्या. असं केलं की चांगलं पाणी वाया जात नाही. बादलीतल्या गाळात अळ्या वळवळताना दिसल्या तर ते पाणी गटारात सोडू नका, उन्हात, कोरड्या मातीवर ओता. नुसता गाळ असेल तर त्याच पाण्याने संडास, मोरी, मागचं अंगण धुऊन घ्या. दोन बॅरलांना वीस मिनिटं लागतात. मोजून बघा.

भरल्यावर झाकण. आपल्या बॅरलांची झाकणं एकतर चिरलेली असतात, नाहीतर त्यावर परात ठेवलेली असते आणि बाजूने बोटभर फट. डासाला तेवढी पुष्कळ झाली. त्यापेक्षा जुनं धोतर किंवा साडीचा तुकडा चौपदरी करून तोंडाला करकचून बांधा, मधे झोळ पडून पाण्याला टेकणार नाही असा. आमच्या आज्या पाण्याच्या हंड्याला फडकं बांधायच्या ते उगाच नव्हे.

जुन्या घरांतला सिमेंटचा हौद मात्र असा उपसून होत नाही. त्याला तळाशी भोक नसतं, वाकून घासायला कंबर लागते. तिथे गप्पी मासे सोडा. आरोग्य खात्याकडे मिळतात, अळ्या खातात, खर्च शून्य. हौदात मासे नको वाटत असतील तर सर्वेक्षणाला येणाऱ्या ताई अळीनाशक टाकतात ते टाकू द्या. "आमच्या पाण्यात औषध नको" म्हणून दारातून परत पाठवू नका. त्या ठरलेल्या मापाने टाकतात आणि ते साठवणीच्या पाण्यासाठीच असतं.

बॅरल झालं की बाकीचं घर त्याच दिवसाला जोडून घ्या. ओलं काम सगळं पाण्याच्या दिवशी: फरशी, संडास-बाथरूम, चादरी-अभ्रे, पायपुसणी. आणि त्याच फेरीत पाण्याच्या छुप्या जागा. फ्रीजच्या मागे खाली एक ट्रे असतो, तो कित्येकांनी फ्रीज घेतल्यापासून पाहिलेला नसतो. कूलरची टाकी, उन्हाळा संपला की तशीच. कुंड्यांखालच्या बशा. पाखरांसाठी गच्चीत ठेवलेलं भांडं, पुण्यकर्म म्हणून ठेवायचं आणि आठवडाभर बघायचं नाही. पत्र्यावरचे टायर, करवंट्या, फुटकी बादली. पाण्याच्या दोन दिवसांच्या मधे जो दिवस येतो त्यात कोरडं काम: जळमटं, पंखे, फडताळं, रद्दी, गच्ची. आणि रोजचं म्हणाल तर तीनच गोष्टी धरा. रात्री झोपताना मोरीत खरकटं भांडं नको, ओला कचरा सकाळच्या घंटागाडीत गेलाच पाहिजे, ओटा पुसलेला हवा. बस्स. इंटरनेटवरचे ते चाळीस कामांचे रंगीत तक्ते फ्रीजवर चिकटवणारे लोक मी पाहिलेत. पंधरा दिवसांत तक्ता फ्रीजवर आणि धूळ तक्त्यावर.

दिवाळीच्या साफसफाईबद्दल एक बोलू का? रागावू नका. वर्षातून एकदा सगळं घर रस्त्यावर काढायचं, डबे घासायचे, माळ्यावर चढायचं, बायकांच्या पाठी मोडायच्या, आणि नंतर अकरा महिने माळ्याकडे बघायचं नाही. याला आपण स्वच्छतेची परंपरा म्हणतो. सण म्हणून ठीक आहे, मलाही आवडतो तो ओल्या भिंतींचा वास. पण जुलै ते ऑक्टोबर हे डेंगीचे महिने, आणि आपली मोहीम निघते ती साथ ओसरताना. सरकारी मोहिमांचंही तेच. संत गाडगेबाबांच्या नावाने 2000-01 मध्ये आपल्या राज्याने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्याने कित्येक गावांत खरोखर फरक पडला हे मान्यच करायला हवं. पण समिती येणार म्हणून आदल्या दिवशी चुना मारणारी गावंही आपण पाहिली आहेत. बाबा स्वतः काय करायचे? गावात शिरले की आधी खराटा, आणि कीर्तन रात्री. समिती नाही, बक्षीस नाही.

पूर्व भागातल्या मंडळींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. तिथली घरं नुसती राहायची घरं नाहीत, कारखाने आहेत. एका खोलीत लूमचा खडखडाट, शेजारच्या खोलीत सुपात तंबाखू आणि मांडीवर विडीची पानं. कापसाची तूस आणि तंबाखूची भुकटी दिवसभर हवेत आणि संध्याकाळी फरशीवर. तिथे कोरड्या केरसुणीने खसाखसा झाडलं तर जमिनीवरची धूळ परत नाकात. पोरं तिथेच झोपतात. अशा घरात आधी ओलं फडकं फिरवायचं, मग गोळा करायचं. एक तांब्याभर पाण्यात होतं. आणि तेंदूची पानं भिजवायची बादली असते ना, तीही बॅरलइतकीच संशयित. तिचं पाणी रोज बदललं जात असेल तर प्रश्न नाही, पण सुट्टीत, सणात, कारखाना बंद असताना ती कोपऱ्यात भरलेलीच राहते.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं करणार कोण?

इथपर्यंत वाचून किती जणांनी मनात "बरोबर आहे, घरी सांगतो" असं म्हटलं? सांगतो, म्हणजे काय ओ? केंद्र सरकारने 2019 मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. माणूस दिवसाच्या चोवीस तासांचं काय करतो याची. घरकामात भाग घेणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचे 97 मिनिटं. आणि हे 97 कुणाचे? जे करतात त्यांचे. घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात 26. बाकीच्या चौऱ्याहत्तरांनी त्या दिवशी काहीच केलं नव्हतं. बायका शंभरात 81.

आकडे देशाचे आहेत, पण आपल्या शहरात त्यांना पैशाचं मोल लावता येतं. विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. धरून चाला की एखादी बाई तासाला शंभर विड्या वळते. पाण्याच्या दिवशी नळाची वाट बघण्यात दोन तास, भरण्यात एक, बॅरल घासण्यात-धुण्यात दोन. पाच तास, पाचशे विड्या. अर्ध्या हजाराची मजुरी त्या दिवशी बुडाली. तिला कुणी भरून देत नाही. म्हणजे घर स्वच्छ ठेवायला आणि शहराला डेंगीपासून वाचवायला सगळ्यात गरीब बाई स्वतःच्या खिशातून पैसे घालते. आणि आपण भाषणात म्हणतो, जनजागृती कमी पडते. जागी आहे ती. रात्री दोन वाजता जागीच होती!

म्हणून बॅरल घासायचं काम माझ्या मते घरातल्या पुरुषांचं. सरळ नियम करा. दोनशे लिटरचं बॅरल आडवं करणं, उलटं करणं, परत जागेवर लावणं हे कंबरेचं काम आहे. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या, जिममध्ये वजनं उचलणाऱ्या पोरांना वीस मिनिटं जड जाऊ नयेत. आठवी-नववीच्या पुढच्या मुलाला हे काम कायमचं लावून द्या, "आईला मदत कर" असं म्हणून नाही, तर "हे तुझं काम" म्हणून. मदत म्हटलं की मुळात काम आईचं ठरतं. त्याने विसरलं तर आठवण करून देण्याचंही काम आईचंच राहतं, आणि ते दमवणारं असतं, घासण्यापेक्षा जास्त.

ज्यांच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात त्यांनी बॅरलही त्यांच्याच अंगावर टाकू नये, एवढं सांगून पुढे जाते. पाण्याच्या दिवशी त्यांच्या घरीही पाणी असतं आणि त्या आपल्याकडे असतात. घरेलू कामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या मावशींची नोंदणी झालीय का, एवढं तरी विचारा. आणि पाण्याच्या दिवशी त्यांना अर्धा तास लवकर सोडायला काय हरकत आहे?

एक सावधगिरीची गोष्ट, कारण यात माणसं खरंच आजारी पडतात. आपल्या बोअरच्या पाण्याने संडासाच्या भांड्यावर पांढरा क्षार चढतो, तो घालवायला लोक दुकानातून सुटं अ‍ॅसिड आणतात. वरून जंतू मरावेत म्हणून ब्लीचिंग पावडर टाकतात. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. चार बाय चारचा संडास, दार लावलेलं, बाई आत वाकून घासतेय. डोळे चुरचुरणं, खोकल्याची उबळ, दम लागणं, सगळं त्यातूनच. अ‍ॅसिड वापरलं त्या दिवशी ब्लीच नको, ब्लीच वापरलं त्या दिवशी अ‍ॅसिड नको. बाजारातल्या नावाजलेल्या टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा अ‍ॅसिडच असतं, त्यालाही हाच नियम. कोल्ड्रिंकच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवणं तर बंदच करा, घरात लहान मूल असो नसो.

"आमचं घर चकाचक आहे, आम्हाला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी. एडिस डास फार लांब उडत नाही, जन्मला त्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच बहुधा त्याचं आयुष्य जातं. म्हणजे तुम्हाला चावलेला डास तुमच्याच गल्लीतला. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एका शाळकरी पोराला डेंगी झाला, नऊ दिवस दवाखान्यात, प्लेटलेट्सचे आकडे रोज ग्रुपवर. त्याच्या आईचं घर असं की फरशीवर जेवावं. पाहणीला आलेल्या ताईंना अळ्या सापडल्या त्या भिंतीपलीकडे, वर्षभर कुलूप असलेल्या घराच्या उघड्या हौदात. मालक पुण्याला. पोरगं वाचलं. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा होऊन गेला म्हणून सुटका नाही, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो. ती बाई आता दरवर्षी जून ते नोव्हेंबर जीव मुठीत धरून राहणार. स्वच्छता घरापुरती ठेवली की असं होतं.

बंद घरं आणि मोकळे प्लॉट हे आपल्या हातात नाहीत, ते महापालिकेचंच काम. कुलूपबंद घरमालकाला नोटीस काढायची आणि हौद उलटा करायचा किंवा त्यात मासे सोडायचे, यासाठी नवा कायदा लागत नाही. इच्छा लागते.

पण महापालिकेकडे माझी खरी मागणी दुसरीच आहे. वेळापत्रक द्या. पाणी किती दिवसांनी द्यायचं हे तुमच्या अडचणींवर आहे, मान्य. जलवाहिनी, दाब, वीज, गळती, सगळं मान्य. पण जे द्याल ते कधी देणार हे आधी सांगा आणि ते पाळा. आज येणार म्हणून बॅरल उपसून, घासून, उन्हात वाळत टाकलं आणि संध्याकाळी मेसेज आला की "तांत्रिक कारणाने पाणीपुरवठा एक दिवस पुढे", तर त्या घरातलं माणूस पुन्हा आयुष्यात बॅरल रिकामं करणार नाही. कसं करेल? तळाचं हातभर पाणी राखून ठेवायची सवय आपल्याला आळसाने लागलेली नाही, ती या मेसेजांनी लावलीय. शिस्त लोकांकडून हवी असेल तर आधी पाण्याने शिस्त पाळावी लागेल. आणि रात्रीचं पाणी शक्य तिथे बंद करा. रात्री दोनला आलेलं पाणी माणूस फक्त भरतो, कुणीही त्या वेळी घासत बसत नाही.

याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. प्रत्येक टाकीखालच्या भागांची यादी, येणारे तीन पाण्याचे दिवस, अंदाजे वेळ, आणि बदल झाला तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवणं. झोन ऑफिसच्या बाहेर एक फळा, आणि घंटागाडीच्या भोंग्यावर त्या गाण्याऐवजी दोन वाक्यं: उद्या तुमच्याकडे पाणी आहे, आज बॅरल घासून ठेवा. गाडी रोज प्रत्येक दारात जातेच आहे की.

मी येत्या सोमवारी सकाळी अकराला आमच्या झोन ऑफिसमध्ये हे लेखी द्यायला जातेय. अर्जासोबत लोकांनी दिलेली माहिती जोडायचीय, म्हणून खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमचं नगर किंवा पेठ, मागचं पाणी कोणत्या तारखेला आणि किती वाजता आलं, आणि त्याआधीचं कधी. पत्ता, फोन नंबर लिहू नका. राजकारणही नको, ते दुसऱ्या पोस्टवर करू. आणि ज्यांच्याकडे उद्या पाणी आहे त्यांनी फोन ठेवा, घासणी शोधा. मोरीच्या मागच्या फळीवर असते बहुतेक.